एक दिवस, एक गाव, एक प्रश्न : जर्मनीत शिकणाऱ्या मुलांच्या छोट्या सहली



माधवनगर, सांगली, मिरज या आपल्या पट्ट्यात पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीचा विचार करणारी घरं आता नवलाची राहिलेली नाहीत. जर्मन भाषेचे क्लास, बँकेच्या चकरा, व्हिसाची कागदपत्रं, निरोपाचं जेवण, हे सगळं पार पडतं. मूल तिकडे पोहोचतं. आणि दोन महिन्यांनी एका शनिवारी घरच्या ग्रुपवर फोटो येतो : लाकडी पट्ट्यांची घरं, दगडी चौक, मध्ये कारंजं. खाली लिहिलेलं असतं, "आज जवळच्या एका गावाला आलोय."

घरात लगेच प्रश्न उठतो. "कर्ज काढून पाठवलंय, ते शिकायला की फिरायला?"

हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं. एका दिवसात जाऊन-येऊन केलेली छोट्या गावाची सहल हाही शिक्षणाचाच भाग होऊ शकतो, असं माझं मत आहे. अट एकच, जाताना सोबत एक प्रश्न हवा. हा प्रश्न विचारायची सवय मात्र जर्मनीत गेल्यावर अचानक लागत नाही, ती इथेच लागावी लागते. म्हणून हा लेख जितका तिकडच्या मुलांच्या पालकांसाठी आहे, तितकाच सहावी-सातवीच्या वर्गशिक्षकांसाठीही आहे.

आधी पैशाचा हिशोब

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळवताना वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आपल्याकडे आहेत हे दाखवावं लागतं. बहुतेक मुलं त्यासाठी तिथल्या बँकेत एक 'बंद खातं' उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा सगळं त्यातच बसवायचं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नसतं, पण श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. थोडक्यात, उधळायला पैसा नसतोच.

मग सहली परवडतात कशा? १ मे २०२३ पासून जर्मनीत 'डॉइचलांड तिकीट' नावाचा मासिक पास सुरू झाला. सुरुवातीला तो ४९ युरोंना होता, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ पासून ६३ युरो आहे. या एका पासवर देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि सगळ्या प्रादेशिक रेल्वेगाड्यांतून हिंडता येतं. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र यात चालत नाहीत. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना हा पास सवलतीत मिळतो. कॉलेजला जाण्यायेण्यासाठी तो घ्यावाच लागतो, म्हणजे शनिवारच्या सहलीचा प्रवास वेगळ्या खर्चाशिवाय होतो. डब्यात पोळी-भाजी, बाटलीत नळाचं पाणी (तिथे ते पिण्याजोगं असतं) आणि संग्रहालयाचं सवलतीचं तिकीट. दिवसाचा खर्च आपल्याकडच्या एका सिनेमाएवढा होत असेल.

कर्ज काढून जर्मनीला शिकायला जाणं आपल्याला नवीनही नाही. १९२८ साली इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा या जाण्याला विरोध होता, आणि पैसे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतले होते. तिथे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण त्याचं श्रेष्ठत्व दाखवते, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. असा काही संबंध त्यांना दिसला नाही, आणि तसं त्यांनी प्रबंधात मांडलं. परक्या देशात, कर्जाच्या ओझ्याखाली, थेट मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध! परदेशातल्या शिक्षणातून आपल्याला नेमकं काय हवं असतं? पदवी तर हवीच. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतः मोजून बोलायची ही हिंमतही हवी असते.

आता तीन गावं पाहू. तिन्ही श्टुटगार्टहून एका दिवसात होणारी. (श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे जाता जाता.)

केप्लरचं गाव आणि केप्लरच्या आईचं गाव

आपल्या दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच पाठ 'गुरुत्वाकर्षण'. त्यात केप्लरचे तीन नियम आहेत. मुलं ते पाठ करतात : कक्षा लंबवर्तुळाकार, समान काळात समान क्षेत्रफळ, आवर्तकालाचा वर्ग अंतराच्या घनाशी समानुपाती. झालं, तीन मार्क.

श्टुटगार्टच्या लोकल गाडीची एस ६ ही मार्गिका जिथे संपते, त्या गावाचं नाव वाइल डेर श्टाट. गाडीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं. २७ डिसेंबर १५७१ रोजी योहानेस केप्लर इथे जन्मला. चौकात त्याचा पुतळा आहे, आणि जवळच जन्मघरात छोटं संग्रहालय.

पण खरी गोष्ट त्याच मार्गावर, अलीकडच्या लेओनबेर्ग गावात आहे. केप्लरचं कुटुंब पुढे तिथे राहायला गेलं. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा केप्लर जेमतेम सहा वर्षांचा. त्याची आई काटारीना त्याला उंचावर घेऊन गेली आणि तिने तो धूमकेतू दाखवला. देवीच्या आजाराने या मुलाची नजर अधू झाली होती, तरी ती आठवण त्याने मोठेपणी लिहून ठेवली.

याच आईवर १६१५ साली लेओनबेर्गमध्ये चेटकीण असल्याचा आरोप झाला. आरोप करणारी शेजारपाजारातलीच एक बाई. काटारीनाने दिलेलं कडू पेय पिऊन आपण आजारी पडलो, असं तिचं म्हणणं. काटारीना औषधी वनस्पतींची जाणकार होती आणि तिची जीभ तिखट होती. संशयाला एवढं पुरलं. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. १६२० च्या ऑगस्टमध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईला अटक झाली आणि सुमारे चौदा महिने तिला साखळदंडात ठेवलं. केप्लर तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिन्झला होता. तो तिथून आला आणि एकेका साक्षीचा कीस पाडत त्याने आईचा बचाव केला. शेवटी तिला छळाची अवजारं दाखवून कबुलीजबाब मागण्यात आला. ती बधली नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये तिची सुटका झाली, आणि १६२२ च्या एप्रिलमध्ये ती वारली.

आता सनावळी शेजारी-शेजारी ठेवून बघा. ग्रहांचा तिसरा नियम केप्लरला १६१८ मध्ये सापडला, १६१९ मध्ये छापून आला. म्हणजे आपण तीन मार्कांसाठी पाठ करतो तो नियम ज्या वर्षांत सापडला, त्याच वर्षांत त्याच माणसाच्या आईच्या डोक्यावर चेटकीण म्हणून मरण्याची टांगती तलवार होती.

सातारा-सांगलीच्या मुलाला या गावात उभं राहून काय आठवायला हवं? डॉ. नरेंद्र दाभोलकर. साताऱ्याचे, वैद्यकीय शिक्षण मिरजेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. केप्लरच्या गावात मुलाने सोबत न्यायचा प्रश्न हाच : विज्ञान सापडलं म्हणून समाज लगेच शहाणा होतो का? नसेल, तर मधलं काम कोण करतं?

किल्ल्यातलं स्वयंपाकघर

दुसरं गाव ट्युबिंगन. श्टुटगार्टहून रेल्वेने साधारण तासाभरात. नेकार नदीच्या काठचं हे विद्यापीठ १४७७ सालचं आहे. केप्लर इथेच शिकला. नदीवरून वर चढत गेलं की किल्ला लागतो. त्या किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात विद्यापीठाने प्रयोगशाळा थाटली होती. १८६९ साली फ्रीडरिश मीशर हा तरुण स्विस संशोधक तिथे काम करत होता. जवळच्या रुग्णालयातून तो पू लागलेली बँडेजं मागवायचा, कारण पुवात पांढऱ्या रक्तपेशी भरपूर असतात. त्या पेशींच्या केंद्रकातून त्याने एक नवाच पदार्थ वेगळा केला आणि त्याला 'न्यूक्लेइन' असं नाव दिलं. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो, त्याच्या शोधाची ही सुरुवात. ती जागा आता संग्रहालय म्हणून पाहता येते.

आपल्याकडे "शाळेत प्रयोगशाळाच नाही, मग प्रयोग कसे करणार?" हे वाक्य मुख्याध्यापकांच्या खोलीत वारंवार ऐकू येतं. त्यात तथ्य आहेच, साधनं मिळायलाच हवीत. तरी दगडी स्वयंपाकघर आणि वापरलेली बँडेजं हे चित्र शिक्षकाने मनात ठेवण्यासारखं आहे.

भाषा शिकवणाऱ्यांसाठीही ट्युबिंगनमध्ये काही आहे. इथले प्राध्यापक रुडोल्फ फोन रोट यांनी ओटो ब्योटलिंक यांच्यासोबत सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश केला. तो १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून प्रसिद्ध झाला. आणि धारवाडकडे काम केलेले, १८९४ चा कन्नड-इंग्रजी शब्दकोश करणारे फर्डिनांड किट्टेल १९०३ साली ट्युबिंगनमध्येच वारले. जतकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरातला मुलगा तिथे शिकत असेल, तर त्याच्यासाठी हा धागा किती जवळचा!

खड्ड्यात वसलेलं गाव

तिसरं गाव थोडं लांब, बव्हेरियात. न्योर्डलिंगन. गाडी बदलून दोन तासांच्या आसपास. गावाभोवती मध्ययुगीन तटबंदी अजून शाबूत आहे आणि तिच्यावरून संपूर्ण फेरी मारता येते, सुमारे पावणेतीन किलोमीटर. चर्चचा मनोरा जवळजवळ नव्वद मीटर उंच. वर चढून पाहिलं की लांबवर चारी बाजूंनी टेकड्यांचं कडं दिसतं.

लोकांना पूर्वी वाटायचं, हा जुना ज्वालामुखी असावा. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी इथल्या खडकात प्रचंड दाबाखालीच तयार होणारं कोएसाइट नावाचं खनिज दाखवलं, आणि उलगडा झाला : हे उल्कापाताचं विवर आहे! सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचं, साधारण चोवीस किलोमीटर व्यासाचं. चर्च ज्या दगडात बांधलंय तो त्याच आघातातून तयार झालेला आहे, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म हिरे आहेत. चंद्रावर जाण्याआधी खडक ओळखायला शिकण्यासाठी अपोलो १४ चे अंतराळवीर १९७० मध्ये इथे आले होते.

आपलं लोणार आठवलं ना? बुलढाणा जिल्ह्यातलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्टच्या काळ्या खडकातलं विवर. न्योर्डलिंगनला जाणाऱ्या मुलाला आधी एकच विचारा, "लोणार पाहिलंस का?" नसेल पाहिलं, तर सुट्टीत आल्यावर पहिलं काम ते. दोन विवरं पाहिलेला मुलगा तुलना करू शकतो.

याच पद्धतीने आणखी गावं जोडता येतील. हेरमान हेसेचं जन्मगाव काल्व : त्याची आई केरळात तलश्शेरीला जन्मली होती आणि आजोबा हेरमान गुंडर्ट मल्याळमचे कोशकार. शिळाछापाचा दगड पुरवणारं झोल्नहोफेन. शिलरचं मारबाख. प्रत्येक गावाला एक तरी धागा आपल्याकडे येतोच, फक्त तो शोधावा लागतो.

पण छोटंच गाव का?

मोठ्या शहरात इंग्रजीवर भागतं. दोस्त आपलेच, खाणं आपलंच, गप्पा मराठी-हिंदीत. दोन वर्षं सरतात आणि मूल परत येतं ते खोली, वाचनालय आणि अर्धवेळ नोकरी एवढाच जर्मनी पाहून. छोट्या गावातल्या बेकरीत मात्र तोडकं-मोडकं का होईना, जर्मनच बोलावं लागतं. समोरच्या आजीबाईंना घाई नसते, त्या थांबून ऐकतात. दक्षिणेत रस्त्यावरचा अनोळखी माणूसही "ग्र्युस गॉट" म्हणतो, आपला राम-राम म्हणा ना.

गंमत म्हणजे क्लासमध्ये शिकलेलं जर्मन तिथे निम्मंच कळतं, कारण श्टुटगार्टच्या आसपास श्वाबिश बोली चालते. शब्दाच्या शेवटी 'ले' लावून लाडकं, लहान रूप करायची तिची ढब. पुस्तकातली प्रमाण मराठी शिकून कुणी परप्रांतीय तासगावच्या बाजारात उभा राहिला तर त्याचं जे होईल, तेच आपल्या मुलाचं होतं. भाषा म्हणजे काय हे त्या एका दिवसात जितकं कळतं, तितकं महिनाभराच्या क्लासात कळेलच असं नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. डिसेंबरात तिथे दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद, रस्ते सुने. घरापासून लांब, परीक्षेचं दडपण, कर्जाचा हप्ता डोळ्यासमोर. मूल खोलीत कोंडून घेतं आणि फोनवर मात्र "सगळं ठीक आहे" म्हणतं. अशा वेळी महिन्यातून एकदा उजेडात बाहेर पडणं, चालणं, नवं काही बघणं याची मनाला गरज असते. म्हणून पालकहो, सहलीचा फोटो आला की "अभ्यास झाला का?" हा पहिला प्रश्न नको. "तिथे काय बघितलंस? कुणाशी बोललास?" असं विचारा. अभ्यासाचं नंतर विचाराच, तो हक्क तुमचा आहेच.

निघण्यापूर्वी

मुलांना कळवण्यासारख्या काही साध्या गोष्टी :

- शक्यतो शनिवार निवडावा. रविवारी किराणा मिळत नाही आणि खेड्यांकडच्या बस तुरळक असतात. सोमवारी अनेक संग्रहालयं बंद असतात.
- परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवावी, आणि तिच्या आधीच्या गाडीने निघायचं ठरवावं.
- पास नावावर असतो, ओळखपत्र जवळ हवं. विनातिकीट सापडलं तर ६० युरो दंड.
- विद्यार्थी ओळखपत्र दाखवलं की बहुतेक ठिकाणी प्रवेश स्वस्त पडतो.
- बाटलीबंद पाणी किंवा सरबत घेतलं तर रिकामी बाटली फेकू नये. दुकानातल्या यंत्रात परत दिली की तिच्यावरची २५ सेंट अनामत मिळते.
- शाकाहारी असाल तर डबा न्यावाच. 'श्पेट्सले' हा शेवयांसारखा पदार्थ शाकाहारी म्हणून पुढे येतो, पण त्यात अंडं असतं.
- चार-पाच मित्र मिळून जाणार आणि पास नसेल, तर एका दिवसाचं राज्य-तिकीट वाटून घेता येतं. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर चालतं.

तयारी माधवनगरातच

आता आपल्या शाळांकडे येऊ. आपली शैक्षणिक सहल कशी असते? पहाटे चारला बस, दिवसभरात पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, दोन रांगा, एक ग्रुप फोटो. रात्री अकराला पालक शाळेच्या दारात. मुलांना मजा येते, ती यायलाच हवी. पण दुसऱ्या दिवशी "काय पाहिलं?" विचारलं तर ठिकाणांची यादी मिळते. याच सवयीचं मूल मोठं होऊन युरोपात गेलं की पाच दिवसांत सात देश करून येतं.

त्याऐवजी वर्षातून एकदा तरी एकाच जवळच्या गावाला, एकच प्रश्न घेऊन जाऊन बघा.

मिरज : तंतुवाद्यांच्या गल्लीत जा. शस्त्रं घडवणारे शिकलगार सतार-तंबोऱ्याकडे कसे वळले? भोपळा कुठून येतो, तो वाळायला किती दिवस लागतात? हे कारागिरांनाच विचारू द्या. याच मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. देवनागरी छपाईच्या इतिहासातलं हे आपल्या दारातलं पान.

किर्लोस्करवाडी : मिरज-पुणे रेल्वेमार्गावरचं स्टेशन. १९१० साली माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यासाठी हीच जागा का निवडली? रेल्वेचा नकाशा हातात घेऊन मुलांना शोधू द्या.

हरिपूर : कृष्णा-वारणेचा संगम आणि हळद साठवायची जमिनीखालची पेवं. नदीकाठी असूनही पेवात ओल कशी शिरत नसे? माती हातात घेऊन बघू द्या.

जाण्याआधी प्रत्येक मुलाने वहीत तीन ओळी लिहाव्यात : मी कुठे जातोय, माझा प्रश्न काय, कुणाला विचारणार. आल्यावर आणखी तीन : काय उत्तर मिळालं, काय वेगळंच दिसलं, नवा प्रश्न कोणता. सहा ओळींच्या वर निबंध मागू नका, नाहीतर पुढच्या वेळी मुलं सहलीलाच घाबरतील!

या सहा ओळींची सवय असलेलं मूल उद्या वाइल डेर श्टाटच्या चौकात उभं राहिलं, तर पुतळ्यासोबत फोटो काढेलच. काढू द्या. पण मग ते विचारेल, "याच्या आईचं पुढे काय झालं?" आणि परतीच्या गाडीत लेओनबेर्गला उतरेल.